अकरा वाजता शेवभाजी

रात्री उशिरा बाहेर जेवणे ही खान्देशात मुळात हौस नव्हती. ती कामाची गरज होती. धुळ्याला मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूर–धुळे हे महामार्ग एकमेकांना भेटतात. भुसावळ जंक्शनात मध्यरात्रीही गाड्या लागतात. रावेर-यावलकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरून होईपर्यंत बऱ्याचदा अंधार पडतो. त्यात उन्हाळा असा की जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि घरातली माणसेसुद्धा हवा जरा निवल्याशिवाय ताटावर बसायला राजी नसतात. या सगळ्यांची भूक भागवायला महामार्गावरचे ढाबे उभे राहिले. डॉमिनोज आणि मॅकडोनाल्ड्स भारतात आले १९९६ मध्ये, तेही दिल्ली-मुंबईत. जिल्ह्याच्या गावांना त्यांची वाट पाहावी लागली.

उशिरापर्यंत चालणाऱ्या स्वयंपाकघराची अडचण सगळीकडे एकच असते. दहानंतर किती गिऱ्हाईक येईल याचा नेम नसतो. आधी रांधून ठेवावे तर अन्न वाया जाते, आल्यावर रांधावे तर थकलेला माणूस ताटकळतो. साखळी हॉटेलांनी यावर काढलेला तोडगा कारखान्याचा आहे : मध्यवर्ती स्वयंपाकघरात निम्मे काम उरकायचे, माल थंड ठेवायचा आणि शाखेत फक्त शेवटची काही मिनिटे खर्चायची.

खान्देशी ढाब्याने हेच साधले, पण शीतगृहाशिवाय. शेवभाजीकडे या नजरेने पाहिले की तिची हुशारी कळते. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण, खडा मसाला यांचे काळपट वाटण संध्याकाळीच तयार असते आणि तर्रीदार रस्सा भट्टीवर रटरटत राहतो. बेसनाची जाड, तिखट शेव डब्यात दिवसेंदिवस टिकते. ताजी भाजी चिरायला नको, बाजाराची वाट पाहायला नको. ऑर्डर आली की डावभर रस्सा छोट्या कढईत उकळायचा, वरून शेव सोडायची आणि कढई उतरवायची. शेव पाच मिनिटे आधी पडली तर रस्सा पिऊन तिचा लगदा होतो. म्हणून पार्सल नेणाऱ्याला रस्सा आणि शेव वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून देतात. मध्यरात्रीच्या जेवणाला याहून सोयीचा पदार्थ शोधून सापडणार नाही. भरिताचे तसे नाही. वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, मग मिरची-लसणाबरोबर ठेचायची. हा थंडीतला, वेळ काढून करायचा उद्योग. म्हणून भरिताची खरी मैफल शेतात, कळण्याच्या भाकरीबरोबर रंगते.

धुळ्याहून मुक्ताईनगरकडे निघाले तर ढाब्यांचे फलक जवळपास सारखेच दिसतात : शेवभाजी, दाल तडका, काजू करी, तंदुरी रोटी. अमेरिकेत महामार्गांच्या काळात अशी एकसारखी चव कंपन्यांनी विकली. जॉर्जिया राज्यात १९५५ मध्ये सुरू झालेले वॅफल हाउस तर चोवीस तास उघडे राहण्यासाठीच ओळखले जाते. खान्देशात साखळी आहे, फक्त तिला मालक नाही. नियम ठरवतो तो रोजच्या वाटेवरचा ट्रकचालक, आणि रस्सा बिघडला तर तो पुढच्या ढाब्यावर गाडी लावतो. हा अंकुश चवीपुरताच चालतो. स्वच्छतागृहाची तपासणी कोणी ट्रकचालक करत नाही.

ढाब्याची मोठी उणीव इथेच आहे. रात्रीचा महामार्ग पुरुषांचा राहिला. बाजेवर बसलेल्या घोळक्याकडे पाठ करून कुटुंबाला ‘फॅमिली रूम’च्या पडद्याआड बसवणे, ही सोय कमी आणि कबुलीच जास्त. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगतच्या दारूविक्रीवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी शहरी हद्दीपुरती ती सैल केली. पण बायका-मुलींचा संकोच अशा आदेशांनी फारसा हटत नाही. लख्ख दिवे, ठरलेले दर, दारूचा वास नाही आणि चालू स्थितीतले स्वच्छतागृह एवढ्या भांडवलावर साखळी हॉटेलाने रात्री दहाला बायका-मुलींना निवांत बसायला जागा दिली. तिथल्या पिझ्झ्याची चव हा त्या मानाने दुय्यम विषय आहे.

रस्ताही बदलतो आहे. फागणे–तरसोद चौपदरीकरणाने लांबची वाहतूक जळगावला वळसा घालून जाते, आणि जुन्या रस्त्यावरच्या ढाब्याला आता गावातल्याच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवावी लागते. तो मग बाजा काढून टेबले मांडतो, लॉन करतो, वाढदिवसांची बुकिंगे घेतो.

उशिरा जेवणाऱ्याच्या मागे आणखी उशिरा जेवणारा एक वाढपी असतो. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ याने आस्थापना रात्रभर उघडी ठेवण्याची वाट मोकळी केली. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था बंधनकारक ठरवली, दिवसाला नऊ तासांची मर्यादाही घातली. मात्र मूळ कायद्यातल्या या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या. चार-पाच पोऱ्यांवर चालणारा ढाबा त्यातून निसटतो. तिथला कामाचा दिवस शेवटचा ट्रक निघाला की संपतो, आणि तो केव्हा निघेल हे मालकाच्याही हातात नसते.