रक्तातली खूण आणि दुःखाचा विषय

मनाच्या आजाराची खूण रक्तात सापडली तर माणूस निव्वळ रसायन ठरेल, ही धास्ती सांख्यदर्शनाला वाटण्याचे कारण नाही. कारण बुद्धी, अहंकार आणि मन या तिघांनाही त्याने प्रकृतीत, म्हणजे जड सृष्टीतच, जमा केले असून साक्षी असणारा पुरुष तेवढा वेगळा मानला आहे. आयुर्वेदही वेडाचे मूळ बहुतांशी देहातच शोधतो: चरकसंहितेत उन्मादाचे, म्हणजे वेडाचे, पाच प्रकार येतात, त्यांतले चार वात-पित्त-कफ या दोषांच्या बिघाडातून होणारे, तर पाचवा आगंतू, म्हणजे बाहेरून आलेला.

कर्जत-खालापूरच्या ठाकूर आदिवासींच्या वाड्यांतला भगतही तांदळाचे दाणे पाहून ‘बाहेरचं’ असाच कौल देतो, मग समोरच्याची झोप उडालेली असो की तो एकटाच बडबडत असो. प्रयोगशाळेलाही आता असाच अनेक विकारांना जोडणारा एक धागा हवा आहे. यकृतात तयार होणारे आणि शरीरातील दाहाबरोबर वाढणारे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन नैराश्य, द्विध्रुवी विकार व स्किझोफ्रेनिया या तिन्हींच्या रुग्णसमूहांत सरासरीने वाढलेले आढळते. परंतु ते क्षयात वाढते, न्यूमोनियात वाढते, आणि भातलावणीत पायांना पडलेल्या चिखल्या चिघळल्या तरी वाढू शकते, त्यामुळे एकट्यादुकट्याच्या रक्तावरून मनाचे निदान करता येत नाही. (१९०६ साली वॉसरमन चाचणीने उपदंशाची खूण रक्तात दाखवली, आणि त्या रोगातून येणारे वेड पुढे मनोविकारांच्या यादीतूनच निघून गेले, हा रक्तातल्या खुणेच्या शोधाचा गमतीदार पूर्वेतिहास.)

खरी अडचण मात्र मोजमापाची नाही, अर्थाची आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा आपत्तीतून वाचलेल्याची झोप उडाली, तर त्याच्या रक्तातही कदाचित तेच प्रथिन वाढलेले दिसेल, पण त्याचा शोक कुणासाठी आहे आणि तो आजार म्हणावा की नाही, हे त्या आकड्यात नसते. दुःखाला विषय असतो, प्रथिनाला नसतो.

हा फरक उपचारातही दिसतो. भरत व स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली स्थापन केलेल्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेच्या कर्जत केंद्रात रस्त्यावर भटकणारे मनोरुग्ण आणले जातात. तेथे उपचार मुख्यतः औषधांनी होतात, म्हणजे मन देहाच्या वाटेनेच ताळ्यावर येते. पण भ्रम ओसरल्यावर रुग्णाला घरी पोचवायचे, तर गावाचे नाव लागते, आणि ते त्याच्याच तोंडून यावे लागते.