बरं वाटत असताना

"अक्का, मला तर काही होत नाहीये. मग आजपासूनच कशाला?"

माझी मावसबहीण हे म्हणाली तेव्हा २०१७ चा श्रावण चालू होता आणि दशलक्षण पर्व तोंडावर आलं होतं. आम्ही दोघी सांगलीकडच्या, भोपाळला दिलेल्या. तिला विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

तिचे यजमान २०१३ मध्ये गेले. आजाराचं खरं नाव अगदी शेवटी कळलं, मग हिची तपासणी झाली. एचआयव्ही निघाला. त्यानंतर सीडी-४ची तपासणी, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींची मोजणी. हिचा आकडा ४६० आला. तेव्हाचा नियम असा, की ३५० च्या खाली आला तर औषध, नाहीतर दर सहा महिन्यांनी मोजायला या. तिनं तो कागद माझ्यासमोर ठेवला तो पास झालेल्या मुलीसारखा. "बघ, शंभरानं वर आहे."

आता कबूल करते, सुटल्यासारखं मलाही वाटलं होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. गोळ्या नाहीत म्हणजे घरात डबी नाही, दर महिन्याला रांग नाही, कुणी विचारायला नको. न सुरू झालेलं औषध आम्हा सगळ्यांच्याच सोयीचं होतं. तिच्या सासरी तर तो विषयच मिटला. चार वर्षं आम्ही त्या आकड्याच्या आडोशाला बसलो, असं म्हटलं तरी चालेल.

आणि २०१७ मध्ये नियम बदलला. आकडा कितीही असो, निदान झालं की औषध. केंद्रातून तिला बोलावणं आलं. तिचा राग मला समजत होता. "तेव्हा म्हणाले गरज नाही, आता म्हणतात उशीर नको. मग तेव्हा खोटं सांगितलं का?"

भोपाळात राहणाऱ्याला डॉक्टरांच्या मतभेदांचं नवल नसतं. १९८४ च्या गॅसकांडानंतर सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं द्यायची की नाहीत, यावरच केवढा वाद झाला होता. पण इथे कुणी खोटं बोललं नव्हतं. आपल्याकडे सरकारनं ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ ला, देशभरातल्या जेमतेम आठ रुग्णालयांत. तेव्हा रेघ २०० ला होती. औषध थोडं, मागणारे पुष्कळ, आणि त्या वेळच्या गोळ्याही त्रासाच्या. स्टाव्ह्यूडिननं गाल बसायचे, पायाला मुंग्या यायच्या. जो जास्त आजारी त्याला आधी, हे तेव्हा न्यायाचंच होतं. पुढे रेघ ३५० ला आली, मग ५०० ला. फक्त आम्ही समजलो की ती रेघ शरीरात आहे. ती होती कोष्टकात, आणि कोष्टक पैसे, पुरवठा आणि त्या वेळचं ज्ञान बघून आखलेलं होतं.

थांबण्यानं नुकसान होतं का, हे नीट तपासलं गेलं ते 'स्टार्ट' नावाच्या अभ्यासात. ३५ देशांतले ४,६८५ लोक, सगळ्यांचा आकडा ५०० च्या वर, म्हणजे सगळे 'बरे'. निम्म्यांना लगेच औषध, बाकीच्यांना आकडा ३५० पर्यंत उतरल्यावर. २०१५ मध्ये तो अभ्यास मुदतीआधीच थांबवून सगळ्यांना औषध देऊ केलं. लगेच सुरू केलेल्यांत ४२ जणांना गंभीर आजार किंवा मृत्यू, थांबलेल्यांत ९६ जणांना. बरं वाटणं हा पुरावा नव्हता, एवढं त्यातून कळलं. त्याआधी २०११ मध्ये, पुणे-चेन्नईच्याही जोडप्यांचा समावेश असलेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं होतं, की लवकर औषध घेतलं तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी होतो. ही पुष्कळदा नीतीची बाजू म्हणून सांगतात, दुसऱ्यासाठी घ्या. पण माझ्या बहिणीला जोडीदारच उरला नव्हता. तिनं घ्यायचं ते स्वतःसाठी, आणि आमच्या पिढीतल्या बाईला सगळ्यात अवघड तेच जातं.

ती अर्धवट हसत म्हणाली, "देहाचा एवढा मोह कशाला, आपल्यात सल्लेखना आहेच की." मी जरा चिडलेच. समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त सल्लेखना सांगितली आहे ती ज्या रोगावर इलाज नाही त्यासाठी. इलाज दारात येऊन उभा असताना पाठ फिरवणं म्हणजे वैराग्य नव्हे. तिला भीती वाटत होती, आणि तसंच म्हणायला हवं होतं.

पण तिची एक अडचण खरी होती, आणि मी ती आधी हसण्यावारी नेली. गोळी एकच, पण तिच्यात इफाव्हिरेन्झ. चक्कर येते म्हणून रात्री झोपताना घ्यायची. ही गेली तीस वर्षं सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही. "अक्का, आधी नवरा गेला, मग नाव गेलं. एवढं एक माझं स्वतःचं राहिलंय." यावर मी काय बोलणार? जीव वाचवायचा म्हणून माणसाच्या हातातलं शेवटचं काढून घ्यायचं, यात हिंसा नाही असं मला तरी म्हणवत नाही.

त्याच वर्षी संसदेनं एचआयव्हीबद्दलचा कायदा केला, त्यात उपचारालाही रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती हवी असं म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही तेव्हाच सांगितलं, सात दिवसांच्या आत सुरू करा, आणि माणूस तयार असेल तर त्याच दिवशी. ते 'तयार असेल तर' मला महत्त्वाचं वाटतं. थांबण्याची खरी कारणंही असतात. मेंदूच्या आवरणाला क्षयाचा किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर डॉक्टर मुद्दाम काही आठवडे थांबतात, घाई तिथे जिवावर बेतू शकते. पण माझ्या मते विचार करायला वेळ द्यायचा तो दिवसांत मोजून. 'दशलक्षण होऊ दे, मग दिवाळी होऊ दे' हा विचार नव्हे.

मी तिच्याबरोबर केंद्रात गेले. समुपदेशक बाईंना चौविहार म्हणजे काय ते समजावलं. डॉक्टर म्हणाले, वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच हवी, आणि पोटात तुपकट जेवण नको. मग आम्ही घरी कालनिर्णय काढून बसलो. डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमाराला अंधारायला लागतं. म्हणून पाच वाजता गोळी, नंतर तासाभरानं जेवण असं उन्हाळ्यात. हिवाळ्यात ब्यालू चार वाजताच, हलकी. निर्जळी उपवास सोडायचा, त्याऐवजी एकासन आणि गोळीपुरतं पाणी. हा शेवटचा निर्णय तिनं एकटीनं घेतला, मला न विचारता.

अकरा दिवस लागले तिला. पहिले काही दिवस संध्याकाळी ती भिंत धरून चालायची, स्वप्नं भलभलती पडायची. हळूहळू कमी झालं.

आता ती गोळी बदलली आहे, डोल्युटेग्राव्हिरची आली. चक्कर नाही, सकाळीही घेता येते. ती मात्र पाचलाच घेते. परवा मी तिच्याकडे होते, गप्पा रंगल्या होत्या, शेजारीणही बसली होती. मोबाईल वाजला तशी उठली. "बीपीची वेळ झाली वाटतं," शेजारीण म्हणाली. ही म्हणाली, "हो, बसा, आलेच," आणि आतून तांब्या-भांड्याचा आवाज आला.