परीक्षा कोणाची?

गांवांत चोरी झाली म्हणून शाळेंतील प्रत्येक मुलाची झडती घ्यावी काय? असें कोणी विचारिलें तर आम्ही चटकन म्हणूं कीं, ज्याजवर संशय नाहीं त्यास हात कां लावावा? परंतु चोरीस जाणारी वस्तु त्या मुलांचें आरोग्यच असेल तर? मग उत्तर तितकें सोपें राहत नाहीं.

अमेरिकेंतील टेक्सास प्रांतापुढें हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. तेथें शाळांच्या फुटबॉल सामन्यांचें लोकांस फार वेड. धक्काबुक्कीच्या त्या खेळांत अंगबळास मोठें मोल. म्हणून मुलें स्टिरॉइड नांवाचीं औषधें चोरून घेतात अशी भीति वाटूं लागली. ह्या औषधांनीं स्नायु वाढतात खरे. पण कोवळ्या वयांत हाडांची वाढ अकालीं खुंटूं शकते, यकृतास इजा होऊं शकते, आणि मन चिडखोर वा खिन्न होतें. म्हणून २००७ सालीं तेथें कायदा होऊन, चिठ्ठ्या टाकून निवडावें तसे खेळाडू निवडून त्यांची लघवी तपासण्यांत येऊं लागली. २०१५ सालीं ही व्यवस्था बंद झाली, तोंपर्यंत ६०,००० हून अधिक विद्यार्थी तपासले गेले. दोषी ठरले ते फारच थोडे.

कोणी म्हणाले, मुलें निर्दोष आहेत. कोणी म्हणाले, दोषी निसटले. कांहींही असो, निर्दोष मुलास संशयिताप्रमाणें लघवी द्यावी लागणें ह्यांत त्याची लाज दुखावते, हें विसरतां येत नाहीं. तरी अल्पवयी मुलास अपायापासून राखणें हें वडील माणसांचें कर्तव्य आहे. म्हणून तपासणी मुळांतच अन्याय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती करावयाचीच तर निकालाचा बोभाटा न होतां, आणि शिक्षेपूर्वीं उपचार, अशा रीतीनें व्हावी.

परंतु तिच्यानें अर्धेंच काम होतें. भीतीनें राखलेला प्रामाणिकपणा पहारेकऱ्याबरोबरच झोपीं जातो. शिवाय मुलास तें औषध घ्यावेंसें वाटलें कां? जिंकल्यावर ज्यांनीं त्यास खांद्यावर घेतलें आणि हरल्यावर ज्यांनीं तोंड फिरविलें, त्या बापाची, शिक्षकाची व गांवकऱ्यांची तपासणी कोणीच केली नाहीं.

प्रिय वाचकहो, टेक्सास दूर आहे. पण शर्यतींत मागें राहिलेलें मूल आपल्याही घरीं येतें. त्यास आपण प्रथम काय विचारतों? "कितवा आलास?" कीं "नीट धावलास ना?" आपली परीक्षा तेथेंच होते.