माणूस आपलाच असतो

धारूरच्या किल्ल्याची तटबंदी शत्रूला बाहेर ठेवायला उभी राहिली. तुरुंगाची भिंत आपल्याच माणसाला आत ठेवते. होय, माणूस आपलाच असतो.

औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची, पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधींचं. कैदी तिथे बायकापोरांसह राहिले. शेती करू लागले. भोवती उंच भिंत नव्हती. शांतारामबापूंचा चित्रपट ‘दो आँखें बारह हाथ’ त्यातूनच स्फुरला. स्वतंत्रपुरात शिक्षा माफ नव्हती, पण अपमानही नव्हता.

आणि गुन्ह्यामुळे ज्याचं नुकसान झालं, त्याचं कोण ऐकतं? कोर्टात तो बहुतेकदा फक्त साक्षीदार ठरतो. तोही माणूस आपलाच असतो.

आज गावात कुणी शिक्षा भोगून परतला असेल, तर त्याला नावानं हाक मारा. त्याला काम द्या.