बरण्या, पत्रं आणि काळी वही

विद्यापीठातला मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग नावारूपाला येतो तो कुणाच्या तरी हातगुणावर, असं आपण धरून चालतो. पण सर्जन निवृत्त झाला की हातही त्याच्याबरोबर घरी जातो. मागे उरतं ते त्याने लिहून ठेवलेलं, आणि त्यातही फसलेल्या केसेस किती प्रामाणिकपणे लिहिल्या आहेत, यावर पुढच्यांचं शिक्षण ठरतं.

या विषयाचे अमेरिकेतले आद्य पुरुष हार्वे कुशिंग. विद्यार्थी असताना त्यांनी ईथर दिलेला एक रोगी टेबलावरच दगावला. पुढे अर्नेस्ट कॉडमन या मित्राशी त्यांची पैज लागली: भूल चांगली कोण देतो? हरेल त्याने जेवण द्यायचं. त्या चुरशीतून १८९४च्या सुमारास भूल चालू असताना नाडी आणि श्वास तक्त्यावर टिपायची पद्धत आली. आज त्या तक्त्याशिवाय थिएटरात पान हलत नाही.

दुसरा धडा जॉन्स हॉपकिन्समध्ये मिळाला. त्यांनी पॅथॉलॉजीकडे पाठवलेला एक नमुना तिथे चक्क गहाळ झाला. तेव्हापासून आपल्या रोग्यांच्या गाठी आपल्याच ताब्यात, हा त्यांचा हट्ट. (माणूस तापट होता, हाताखालच्यांना हे हट्ट सोपे गेले नसणार.) बॉस्टनला आल्यावर ते घरी गेलेल्या रोग्यांनाही सोडत नसत, दरवर्षी तब्येतीचं पत्र धाडा, म्हणून सांगत. १९३१ साली मेंदूतल्या गाठींचा त्यांचा आकडा २०००वर पोचला. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली खात्री पटलेल्या गाठीच धरल्या होत्या. हा हिशेब ठेवला लुईझ आयझेनहार्ट यांनी. कचेरीतल्या मदतनीस म्हणून त्या आल्या, मग डॉक्टर होऊन परतल्या. शस्त्रक्रियेनंतर कोण वाचलं, कोण गेलं, हे त्यांच्या छोट्या काळ्या वहीत असे.

कुशिंग येलला गेले तेव्हा हा संग्रहही मागोमाग गेला: दोन हजारांहून जास्त केसेस, बरण्यांतले मेंदू, काचपट्ट्या, हजारो फोटो. १९३९मध्ये ते वारले. आयझेनहार्ट यांनी तो पुढे सांभाळला, पण कालांतराने बरण्या वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडल्या. येलसारख्या गडगंज विद्यापीठाची ही तऱ्हा! २०१०मध्ये वैद्यकीय ग्रंथालयात त्यांना नीट दालन मिळालं.

नवा विभाग काढणाऱ्यांनी महागड्या यंत्राची ऑर्डर देण्याआधी एखादी आयझेनहार्ट शोधावी, आणि तिला पगारही चांगला द्यावा.