जुन्या धंद्याची शिदोरी

माणसाचा धंदा बदलला म्हणजे त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो बहुधा रात्री, काम आटोपून अंथरुणास पाठ टेकल्यावर उभा राहतो: मागली वर्षे फुकट गेली काय? शेत सुटल्यामुळे शहरात गवंड्याच्या हाताखाली राबणारा, दुकान बुडाल्यावर चाकरी पत्करणारा, लष्करातून परतून गावच्या मंडळीची सेवा करू लागलेला, या सर्वांस तो सारखाच छळतो. कालपर्यंत ज्या कामात लोक आपला सल्ला विचारीत, ते काम सुटले; आणि आज आपल्या मुलाच्या वयाचा मनुष्य आपली चूक दाखवितो. अशा वेळी कोणी जुन्या धंद्याची लाज धरून तो लपवितो, तर कोणी त्याचाच अभिमान धरून नवे शिकावयाचे नाकारतो. या दोघांपैकी कोणाचे बरोबर, की दोघांचेही चुकते, याचा आज थोडा विचार करू.

विल्यम केरी यांचे नाव आपल्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी किती धंदे बदलले, हे सर्वांच्या ध्यानात असेलच असे नाही. इंग्लंडातील नॉर्थम्प्टनशायर परगण्यात 1761 साली एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणी झाडाझुडपांची फार आवड, म्हणून ते प्रथम बागकामास लागले. परंतु उन्हाने त्यांच्या कातडीस पीडा होई, म्हणून ते सोडावे लागले. मग जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली ते उमेदवार राहिले. पुढे मोल्टन गावी शाळा चालविली व उपदेशकाचे काम केले. तेवढ्यावर पोट भरेना, म्हणून आरी व कातडेही हातात ठेवलेच. 1793 साली ते बंगाल्यात आले आणि पुढील वर्षी मालदा भागात मदनावती येथील निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक झाले. 1800 साली श्रीरामपुरास छापखाना निघाला, आणि 1801 साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते भाषा शिकवू लागले. तेथे बंगाली व संस्कृत यांबरोबर आपली मराठीही ते शिकवीत. 1805 साली त्यांचे मराठी व्याकरण छापून निघाले व 1810 साली मराठी कोश, त्यातील मराठी शब्द मोडी अक्षरांत. या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांस फार साह्य होते.

आता पाहा, एका धंद्यातून दुसऱ्यात जाताना या गृहस्थाने बरोबर काय नेले? आरी नेली नाही. तिचे कोशाच्या कामी काय प्रयोजन? परंतु जोडा शिवताना शेजारी पुस्तक उघडे ठेवून एकेक शब्द पाठ करण्याची जी सवय लागली होती, ती नेली. टाक्यामागून टाका घालावा तेव्हा जोडा होतो, आणि शब्दामागून शब्द लावावा तेव्हा कोश होतो. कोणी त्यांच्या बुद्धीची स्तुती करी, तेव्हा आपणास नेटाने काम रेटता येते, याहून अधिक श्रेय ते घेत नसत.

निळीच्या कारखान्याची गोष्ट याहून बोधपर आहे. उपदेश करावयास आलेल्या मनुष्याने पाच वर्षे निळीच्या हौदापाशी घालवावी, यास वेळेचा अपव्यय म्हणणारे तेव्हाही होते. परंतु त्या वर्षांत त्यांनी शेतकरी, मजूर व कारकून यांच्या तोंडची भाषा ऐकली. पुढे 1801 साली श्रीरामपुरास त्यांचे बंगाली संवादांचे पुस्तक निघाले. त्यात पंडितांचे पांडित्य नव्हे, तर सावकार व कूळ, मजूर, कोळिणी, भांडणाऱ्या बायका यांचे बोलणे आहे. असे बोलणे ग्रंथालयात बसून ऐकू येत नाही. आणि बागकाम? लहानपणी सोडलेली ती विद्या मनात निजून राहिली होती. 1820 साली, साठीच्या उंबरठ्यावर असता, त्यांनी कलकत्त्यास शेती व फळबागा यांच्या सुधारणेसाठी एक संस्था स्थापिली. बी पेरल्यापासून उगवण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, परंतु ते कुजले नाही.

हे केवळ थोरामोठ्यांच्या बाबतीत घडते, असे कोणी म्हणू नये. श्रीरामपूरच्या छापखान्यातील खिळे पाडणारे पंचानन कर्मकार हे धातूवर अक्षरे कोरणाऱ्या कारागिरांच्या कुळातले. पिढीजात हातोटी होती ती धातू कोरण्याची. तीच त्यांनी छापण्याच्या अक्षरांकडे वळविली, आणि आपल्या जावयास, मनोहर यांस, शिकविली. 1812 सालच्या मार्च महिन्यात तो छापखाना जळाला. कागद, हस्तलिखिते, ओतलेले खिळे, सर्व गेले. परंतु खिळ्यांचे पोलादी ठसे व साचे राखेत शाबूत सापडले, आणि थोड्याच काळात नवे खिळे ओतले जाऊ लागले. आपल्या मुंबईतही जावजी दादाजी हे बाळपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या हलक्या कामावर होते. त्यांनीच 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या सुबक अक्षरांची ख्याती देशभर झाली. खिळा कोठे खडबडीत राहतो, हे ज्याच्या बोटांस ठाऊक, त्याच्या डोळ्यांस वाईट छपाई कशी सहन व्हावी?

तर मग धंदा बदलताना जळते ते काय व उरते ते काय? ओतलेले खिळे जळतात, साचा उरतो. हुद्दा, ओळखीची गिऱ्हाइके, लोकांनी दिलेला मान, ही सर्व ओतलेली अक्षरे होत. ती नव्या ठिकाणी पुन्हा ओतावी लागतात. नेट, नीटनेटकेपणा, हिशेबाचा चोखपणा, माणसे ओळखण्याची दृष्टी, हा साचा होय. जो खिळ्यांसाठी रडत बसतो, त्यास राखेतील साचा दिसत नाही.

परंतु येथे सावध असले पाहिजे. साच्यात वाकडे अक्षर असेल तर तेही पुन्हा उमटते. मुकादमाच्या कामात ज्यास ओरडण्याची सवय लागली, तो शाळामास्तर झाला म्हणजे मुलांवर ओरडतो. ज्याने दुकानात प्रत्येक मनुष्यास नफ्याच्या मापाने मोजले, तो मंडळीतही श्रीमंतास पुढे बसवितो. ज्या निळीच्या धंद्यात केरी होते, त्यानेच पुढे मळेवाल्यांच्या हातून रयतेस इतके पिळले की 1859 साली बंगालच्या शेतकऱ्यांनी नीळ पेरण्याचे नाकारले. त्या धंद्यातून एकाने रयतेची भाषा उचलली, इतरांनी रयतेवरचा चाबूक उचलला. धंदा एकच, परंतु प्रत्येकाने काय उचलले, याचा जाब त्याचा त्यास द्यावयाचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. धंदा एकाने बदलावा आणि किंमत दुसऱ्याने द्यावी, असे पुष्कळदा घडते. केरी यांची पत्नी डॉरोथी हिची हिंदुस्थानात येण्याची इच्छा नव्हती. शेवटच्या घटकेस ती निघाली. 1794 साली मदनावतीस त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्यानंतर तिचे मन ढळले ते 1807 साली मरेपर्यंत सावरले नाही. पतीचे थोर काम जवळच्या खोलीत चालले असता ती दुखणे भोगीत होती. या दुःखाचा दोष कोणावर ठेवावा, हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु नव्या कामाच्या उत्साहात घरच्या माणसांस विचारावयाचे राहून जाते काय, हे प्रत्येकाने आपणास विचारावे. शिदोरी आपली असली तरी ती वाहणारे खांदे कधी कधी दुसऱ्याचे असतात.

म्हणून लाज धरणारा व अभिमान धरणारा, दोघेही आमच्या मते चुकतात. पहिला साचाच फेकून देतो; दुसरा जळक्या खिळ्यांनी छापू पाहतो. केरी यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात की, मोठ्या लोकांच्या पंक्तीस कोणी त्यांस हिणवून, आपण पूर्वी जोडे करीत होता ना, असे विचारले. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की, जोडे करणारा म्हणण्याइतकाही मी नव्हतो, फाटके जोडे सांधीत असे. ज्यास जुन्या धंद्याची लाज नाही आणि गर्वही नाही, त्यासच असे उत्तर सुचते.

वाचकहो, तुमच्या गावी कोणी नवखा मनुष्य हाताखाली काम करण्यास आला, तर तो अडखळतो म्हणून हसू नका. यापूर्वी तू काय करीत होतास, असे त्यास प्रेमाने विचारा व त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या. आणि तो नवखा मनुष्य तुम्हीच असाल, तर आज रात्री तो जुना प्रश्न पुन्हा आला असता त्यास असे उत्तर द्या: वर्षे फुकट गेली की नाही, हे मागे पाहून ठरत नाही, उद्या सकाळी कामास हात घालताना आपण त्यांतले काय बरोबर घेतो, यावर ते ठरते.