सेवार्थ

केंद्र सरकारच्या टपाली लिफाफ्यांवर ‘भारत सरकार सेवार्थ’ असे शब्द छापलेले आपण पाहतो. सेवार्थ म्हणजे सेवेसाठी. लिफाफा, कागद, शाई आणि टपालहशील यांचा भार जनतेने उचलला आहे व तो जनतेच्याच सेवेसाठी आहे, याची ती कबुली होय. मग या खर्चाची नैतिक कसोटी कोणती?

काटकसर, हे पहिले उत्तर. अंदाजपत्रकात लेखनसामग्री ‘कार्यालयीन खर्च’ या शीर्षाखाली येते. धरणे आणि रस्ते यांच्या रकमांपुढे ती क्षुल्लक भासते. परंतु साबणाची वडी घेणारी मोलकरीणही कर भरते. सरकारी कागद वाया घालवणारा तिच्याच कनवटीला हात घालतो. महात्मा गांधी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर मजकूर लिहीत. पाच हजारांना तृप्त केल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले. बारा टोपल्या भरल्या. चमत्काराने लाभलेली विपुलताही उधळावयाची नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात कागदाचा वापर टाळण्यासारख्या लहान कृतींनाही सृष्टीच्या जतनात स्थान दिले.

तथापि, काटकसर ही कसोटी पुरेशी आहे काय? कल्पना करू या. एक विधवा निराधार अनुदानासाठी अर्ज करते. महिन्याभराने पत्र येते : उत्पन्नाचा दाखला जोडावा. पुढच्या महिन्यात दुसरे : वयाचा पुरावा हवा. मग तिसरे. कार्यालयाच्या हिशेबी तीन कागद आणि तीन लिफाफे खर्ची पडले. तिच्या हिशेबी तीन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे आणि झेरॉक्सचे पैसे गेले. हा खर्च कोणत्याच शीर्षाखाली नोंदला जात नाही. पत्रव्यवहार संगणकावर आला म्हणून तो आपोआप टळत नाही. उलट, उत्तरच न देणारे कार्यालय सर्वांत कमी कागद वापरते. परंतु त्या बचतीला सद्गुण कोण म्हणेल?

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे मर्म ओळखले आहे. प्रतींसाठी पानाला दोन रुपये आकारले जातात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे. विहित मुदत उलटली, तर माहिती कोणालाही विनामूल्य द्यावी लागते. विलंबाची किंमत नागरिकाने मोजावयाची नाही, हे त्यामागील न्यायतत्त्व.

संत पौलाचे फिलेमोनास पत्र अवघ्या पंचवीस ओव्यांचे. ओनेसिम या दासाला बंधू म्हणून स्वीकारावे, एवढीच त्यात विनवणी. त्यात एक माणूस नावानिशी लेखकाच्या डोळ्यांसमोर उभा आहे. म्हणून ते थोडके पत्र पुरेसे झाले.

आमच्या मते कसोटी हीच. आपल्या कुटुंबांतील कित्येक जण कचेऱ्यांत, शाळांत, धर्मग्रामाच्या कार्यालयात लेखणी चालवतात. पत्र लिहिण्यापूर्वी त्यांनी विचारावे : याविना काम होईल काय? होत असेल, तर कागद वाचवावा. लिहावेच लागले, तर ज्याच्या हाती ते पडणार त्याला दुसरी खेप पडू नये, असे पूर्ण आणि स्पष्ट लिहावे. त्यासाठी एक कागद अधिक लागला, तरी त्याचा हिशेब देताना मान खाली घालावी लागणार नाही.